कागद कोणत्या कोर्टाचा? अमेरिकेतली शहर, राज्य आणि फेडरल न्यायालयं, पायरीपायरीने

मागच्या हिवाळ्यात ओळखीतल्या एक काकू तीन पाकिटं घेऊन आमच्याकडे आल्या. मी चहाचं आधण ठेवेपर्यंत त्यांनी ती टेबलावर ओळीने मांडली. "कोर्टाची आहेत गं. फोडायचा धीर होत नाही." पहिलं मुलाच्या स्पीडिंग तिकिटाचं, शेजारच्या गावाच्या म्युनिसिपल कोर्टाकडून. दुसरं काउंटीतल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातल्या, सुपीरियर कोर्टाचं. जुन्या घरमालकाने अडकवलेल्या डिपॉझिटसाठी काकूंनी स्वतःच दावा लावला होता, त्याची तारीख कळवणारं. तिसरं फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाकडून, काकांच्या नावावर, ज्युरीची प्रश्नावली.

काकूंच्या लेखी तिन्ही 'कोर्ट'. प्रत्यक्षात ती तीन वेगळी घरं होती. प्रत्येक घरातला न्यायाधीश वेगळ्या वाटेने खुर्चीवर आलेला, आणि प्रत्येकाला उत्तर द्यायची रीत आणि मुदत वेगळी.

मी न्यू जर्सीत एका वकिलाच्या ऑफिसात बरीच वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलाची कायदेविषयक मदतनीस, म्हणून काम करते. माणसं दावा हरून जेवढी अडचणीत येतात, त्याहून जास्त कोर्ट न ओळखल्यामुळे येतात, हे मी रोज बघते. चुकीच्या इमारतीत जाऊन रांग लावतात, चुकीचे दिवस मोजतात, आणि घाबरून पाकीट कपाटावर ठेवून देतात. म्हणून कागद हातात आल्यापासून काय काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं मुख्यतः न्यू जर्सीची आहेत, कारण तिथली पायरी मला ठाऊक आहे. इतर राज्यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन.

पहिली पायरी: एका शिडीचं चित्र मनातून काढा

आपण वाढलो ते एकाच शिडीच्या देशात. कायदा संसदेने केलेला असो की विधिमंडळाने, दावा त्याच तालुका किंवा जिल्हा न्यायालयात उभा राहतो. तिथून अपील मुंबई उच्च न्यायालयात, किंवा त्याच्या नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्याच्या खंडपीठात, आणि मग दिल्ली.

अमेरिकेत शिड्या दोन आहेत आणि त्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक राज्याची. पन्नास राज्यांच्या पन्नास, प्रत्येकीची घडण निराळी. दुसरी फेडरल, म्हणजे संघराज्याची, १७८९ च्या ज्युडिशियरी ॲक्टपासून चालत आलेली. तुमचं भाडं, घटस्फोट, वारसा, अपघात, चोरीमारी हे जवळजवळ सगळं राज्याच्या शिडीवर चालतं. न्यू जर्सीच्या कायद्याचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्द ट्रेंटनमधल्या न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाचा. वॉशिंग्टनमधल्या सुप्रीम कोर्टाला त्यात हात घालता येतो तो फक्त फेडरल कायद्याचा किंवा अमेरिकेच्या राज्यघटनेचा प्रश्न असेल तेव्हा. "सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन" असं रागाच्या भरात म्हणणाऱ्या माणसाला मी आधी हेच विचारते, की कोणत्या सुप्रीम कोर्टापर्यंत?

दोन शिड्या म्हणजे काय, हे रॉडनी किंग प्रकरणात जगाने पाहिलं. १९९१ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी त्याला केलेली मारहाण व्हिडिओवर टिपली गेली. चार पोलिसांवर कॅलिफोर्निया राज्याचा खटला झाला आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये ज्युरीने जवळपास सर्व आरोपांतून त्यांना सोडलं. शहर पेटलं. त्यानंतर फेडरल सरकारने नागरी हक्क हिरावल्याचा स्वतंत्र खटला फेडरल कोर्टात भरला आणि १९९३ मध्ये त्याच चौघांपैकी दोघं दोषी ठरले. एकाच कृत्यासाठी दोन सार्वभौम सत्ता स्वतंत्र खटले भरू शकतात, हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये गॅम्बल खटल्यात पुन्हा कायम केलं.

दुसरी पायरी: कागदाचा माथा वाचा

पाकीट फोडा. मजकुरात काय लिहिलंय ते नंतर. आधी सर्वात वरची चौकट बघा. वकील तिला कॅप्शन म्हणतात. तीत तीन गोष्टी असतात: कोर्टाचं नाव, दोन्ही बाजूंची नावं आणि डॉकेट नंबर, म्हणजे प्रकरणाचा क्रमांक.

"युनायटेड स्टेट्स" हे शब्द कोर्टाच्या नावात असतील तर ती फेडरल शिडी. राज्याचं नाव असेल तर राज्याची. गावाचं किंवा टाउनशिपचं नाव आणि जोडीला "म्युनिसिपल" असेल तर शहराचं कोर्ट. कोर्टाचं नावच नाही, फक्त वसुली कंपनीचं किंवा वकिलाच्या ऑफिसचं लेटरहेड आहे, तर तो कोर्टाचा कागद नाही, मागणीचं पत्र आहे. तेही वाचायचं, पण त्याची घड्याळं वेगळी.

मग डॉकेट नंबर. लोकांना तो निरर्थक आकड्यांचा गुंता वाटतो, पण त्यात अर्धी कहाणी असते. न्यू जर्सीच्या सुपीरियर कोर्टात सुरुवातीची तीन अक्षरं बहुतेकदा काउंटी सांगतात, 'एमआयडी' म्हणजे मिडलसेक्स. दाव्याचा प्रकार सांगणारी अक्षरं वेगळी. 'एससी' म्हणजे स्मॉल क्लेम्स, छोट्या रकमेचा दावा, 'डीसी' म्हणजे त्याहून मोठा पण मर्यादेतला पैशाचा दावा, 'एलटी' म्हणजे घरमालक आणि भाडेकरू, 'एल' म्हणजे मोठा दिवाणी दावा, 'एफ' म्हणजे कर्ज थकल्यामुळे घराची जप्ती, 'एफएम' म्हणजे घटस्फोट, 'एफव्ही' म्हणजे घरगुती हिंसाचार. एका बाईंनी मला फोनवर घाबऱ्या आवाजात सांगितलं होतं, की नवऱ्यावर क्रिमिनल केस झाली. मी नंबर वाचायला सांगितला. मधे 'डीसी' होतं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा साधा दिवाणी दावा निघाला. तिचा श्वास खाली बसलेला मला फोनवर ऐकू आला.

फेडरल नंबर वेगळा दिसतो. पहिला आकडा इमारत सांगतो. न्यू जर्सीत १ म्हणजे कॅम्डेन, २ म्हणजे न्यूअर्क, ३ म्हणजे ट्रेंटन. मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग 'सीव्ही' म्हणजे दिवाणी किंवा 'सीआर' म्हणजे फौजदारी. शेवटी न्यायाधीशांची आद्याक्षरं असतात, बहुतेकदा दोन जोड्या. पहिली डिस्ट्रिक्ट जजची, दुसरी मॅजिस्ट्रेट जजची. या दुसऱ्या जोडीकडे दुर्लक्ष करू नका. निकाल पहिल्याचा असला तरी तारखा, मुदतवाढ, कागदपत्रांची देवाणघेवाण हे सारं रोजचं काम दुसऱ्याकडे असतं.

तिसरी पायरी: शहराचं कोर्ट असेल तर

न्यू जर्सीत गावोगावची मिळून पाचशेहून जास्त म्युनिसिपल कोर्टं आहेत. ट्रॅफिक, पार्किंग, गावाचे नियम, आणि 'डिसऑर्डर्ली पर्सन्स' म्हणतात ते हलके फौजदारी गुन्हे तिथे चालतात. ज्युरी नसते, न्यायाधीश एकटाच ऐकतो आणि निकाल देतो. हा न्यायाधीश वकील असावा लागतो. त्याला गावचा मेयर आणि कौन्सिल नेमतात, ३ वर्षांसाठी, आणि बहुधा अर्धवेळ. एकच माणूस सोमवारी या गावात आणि गुरुवारी पलीकडच्या गावात बसलेला दिसेल. पगार गावाचा असला तरी देखरेख राज्याच्या न्यायव्यवस्थेची असते.

तिकीट आलं तर कोर्टात हजर राहणं सक्तीचं आहे असा रकाना त्यावर भरला आहे का, ते बघा. भरला नसेल तर ऑनलाइन दंड भरता येतो, पण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि त्याबरोबर लायसन्सवर पॉइंट येतात. न्यू जर्सीत मर्यादेपेक्षा ताशी १४ मैलांपर्यंत जास्त वेग असेल तर २, त्यापुढे २९ मैलांपर्यंत ४, आणि ३० किंवा जास्त असेल तर ५. हजर राहून म्युनिसिपल प्रॉसिक्युटरशी, म्हणजे गावाच्या सरकारी वकिलाशी, बोललात, तर बऱ्याचदा 'अनसेफ ड्रायव्हिंग'वर तडजोड होते. तिथे पॉइंट नाहीत, पण दंडाशिवाय २५० डॉलर अधिभार भरावा लागतो. काकूंच्या मुलाने हाच मार्ग घेतला.

आता जे लिहिते आहे ते कृपया दोनदा वाचा, कारण मी यात चांगल्या घरची माणसं पोळलेली पाहिली आहेत. दुकानातून २०० डॉलरपेक्षा कमी किमतीची वस्तू पैसे न देता बाहेर आली, तर न्यू जर्सीत ते प्रकरण गावाच्या म्युनिसिपल कोर्टात जातं. तिथलं वातावरण साधं असतं. शेजारी पार्किंगचं तिकीट घेऊन कुणी बसलेलं असतं. आपल्याला वाटतं, दंड भरू आणि घरी जाऊ. पण तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर चोरीची ती छोटीशी कबुली पुढे व्हिसाच्या शिक्क्याच्या वेळी, विमानतळावर, नागरिकत्वाच्या अर्जात पुन्हा पुन्हा समोर येते. कोर्ट गावाचं, पण परिणाम फेडरल. २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की फौजदारी वकिलाने परदेशी अशिलाला हद्दपारीच्या धोक्याची कल्पना दिलीच पाहिजे. पण वकीलच केला नाही तर सांगणार कोण? 'गिल्टी' हा शब्द उच्चारण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी अर्धा तास बोला. न्यायाधीशाकडे त्यासाठी पुढची तारीख मागता येते, आणि मागितली तर सहसा मिळते.

इतर शहरांचं चित्र निराळं आहे. न्यूयॉर्क शहरात क्रिमिनल कोर्टाच्या न्यायाधीशांना मेयर १० वर्षांसाठी नेमतो. सिव्हिल कोर्टाचे न्यायाधीश मात्र निवडणुकीने येतात, तेही १० वर्षांसाठी. शहरात गाडी चालवताना मिळालेलं स्पीडिंगचं तिकीट कोर्टात जातच नाही. ते वाहन विभागाच्या ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरोकडे जातं, आणि तिथे तडजोड होत नाही: दोषी किंवा निर्दोष, एवढंच. एडिसनहून मॅनहॅटनला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. न्यूयॉर्क राज्याच्या खेड्यांत टाउन आणि व्हिलेज जस्टिस निवडून येतात आणि ते वकील असलेच पाहिजेत असं नाही. टेक्सासमधल्या जस्टिस ऑफ द पीसचंही तसंच. त्याच्यापुढे २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि तो लग्नही लावून देतो. त्याच टेक्सासमध्ये 'काउंटी जज' हा मुख्यतः काउंटीच्या कारभाराचा प्रमुख असतो, हे ऐकून नवखा माणूस चकित होतो. कॅलिफोर्नियाने १९९८ च्या मतदानानंतर म्युनिसिपल कोर्टं सुपीरियर कोर्टांत विलीन केली. त्यामुळे बे एरियातल्या तुमच्या भावाचं साधं तिकीटही काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जातं.

चौथी पायरी: राज्याचं कोर्ट, आणि नावांचे चकवे

न्यू जर्सीची आजची रचना १९४७ च्या राज्यघटनेने घडवली. २१ काउंट्यांमध्ये सुपीरियर कोर्ट आहे. तेच मूळ खटल्याचं कोर्ट. कारभारासाठी काउंट्यांचे १५ गट केले आहेत. वर अपेलेट डिव्हिजन, आणि सगळ्यांच्या वर ७ न्यायाधीशांचं सुप्रीम कोर्ट. सुपीरियर कोर्टाच्या पोटात पैशांच्या दाव्यांना आकाराप्रमाणे खोल्या आहेत: ५,००० डॉलरपर्यंत स्मॉल क्लेम्स, २०,००० पर्यंत स्पेशल सिव्हिल पार्ट, त्यावर लॉ डिव्हिजन. पैसा नको, कोर्टाचा हुकूम हवा असेल, म्हणजे अमुक थांबवा किंवा तमुक करायला लावा, तर चान्सरी. कुटुंबाची कोर्टंही त्याच बाजूला.

मृत्युपत्राचं काम काउंटीच्या सरोगेटकडे चालतं. हा अधिकारी न्यू जर्सीत ५ वर्षांसाठी निवडून येतो. मृत्यूनंतर १० दिवस उलटल्याशिवाय मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याची अधिकृत नोंद, होत नाही. आपल्याकडे दहावं होईपर्यंत घरात व्यवहाराचं कुणी बोलत नाही, तसाच हा नियम, आणि दुःखात असलेल्या कुटुंबाला मी तो याच शब्दांत समजावते. भांडण उभं राहिलं तरच प्रकरण सुपीरियर कोर्टाच्या न्यायाधीशापुढे जातं.

चकवे नावांत आहेत. न्यू जर्सीत सुपीरियर कोर्ट म्हणजे मूळ खटल्याचं. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात तर सुपीरियर कोर्ट अपिलाचं, आणि मूळ खटला चालतो कोर्ट ऑफ कॉमन प्लीजमध्ये. हडसन ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलात तर आणखी उलटं. तिथे 'सुप्रीम कोर्ट' हे मूळ खटल्याचं कोर्ट आहे, आणि राज्याचं सर्वोच्च न्यायालय आल्बनीतलं 'कोर्ट ऑफ अपील्स'. खालच्याला 'जस्टिस' म्हणतात आणि वरच्याला नुसतं 'जज'. क्वीन्समधल्या एका गृहस्थांना घटस्फोटाचं समन्स आलं, वर 'सुप्रीम कोर्ट' वाचून त्यांना वाटलं, बायकोने थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नेलं. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक घटस्फोट सुप्रीम कोर्टातच होतो. टेक्सासला तर सर्वोच्च न्यायालयं दोन आहेत: दिवाणीसाठी सुप्रीम कोर्ट, फौजदारीसाठी कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स, दोन्हीकडे ९ न्यायाधीश.

पाचवी पायरी: फेडरल कोर्ट

आपल्यातल्या बहुतेकांनी फेडरल कोर्टाची इमारत पाहिली असेल तर ती नागरिकत्वाच्या शपथेसाठी. एरवी तिथे जाण्याची कारणं मोजकी. दिवाळखोरी, पेटंट आणि कॉपीराइट, फेडरल गुन्हे, फेडरल कायद्याखालचे दावे, सरकारवरचे दावे, आणि दोन वेगळ्या राज्यांच्या नागरिकांमधला ७५,००० डॉलरहून मोठा तंटा. ग्रीन कार्डाचा किंवा इमिग्रेशनचा अर्ज वर्षानुवर्षं अडकला म्हणून सरकारला उत्तर द्यायला लावणारे दावेही इथेच दाखल होतात, आणि आपल्या लोकांचा फेडरल कोर्टाशी संबंध येतो तो आता बराचसा या वाटेने.

पहिली पायरी डिस्ट्रिक्ट कोर्ट. देशात अशी ९४ आहेत. अख्खं न्यू जर्सी मिळून एक डिस्ट्रिक्ट, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात चार-चार. त्यावर १३ कोर्ट्स ऑफ अपील्स, म्हणजे सर्किट. न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटमध्ये येतं आणि ते बसतं फिलाडेल्फियात. अपील सहसा तीन न्यायाधीश ऐकतात. त्यावर ९ न्यायाधीशांचं सुप्रीम कोर्ट, जो आकडा १८६९ पासून बदललेला नाही. तिथे अपिलाचा हक्क जवळजवळ नाहीच. अर्ज करायचा, आणि नऊपैकी चौघांना ऐकावंसं वाटलं तर प्रकरण घेतलं जातं. वर्षाला हजारो अर्ज येतात, ऐकली जातात साठ-सत्तर प्रकरणं.

सहावी पायरी: कोर्टासारखी दिसणारी, पण वेगळी

इमिग्रेशन कोर्टात काळा झगा घातलेला जज असतो, सरकारी वकील असतो, तारखा असतात. पण ते न्यायशाखेचं कोर्ट नाही. ते न्याय विभागाखाली येतं, म्हणजे सरकारच्याच एका खात्याखाली, आणि तिथल्या जजना ॲटर्नी जनरल नेमतो. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. तारखेला गैरहजर राहिलात तर तुमच्या अपरोक्ष हद्दपारीचा आदेश निघू शकतो. अपील आधी बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे, आणि त्यानंतरच खऱ्या फेडरल सर्किट कोर्टात. नोटिशीवरच्या 'ए' नंबराने, म्हणजे इमिग्रेशन खात्याने तुम्हाला दिलेल्या क्रमांकाने, पुढची तारीख ऑनलाइन किंवा फोनवर तपासता येते. दर आठवड्याला तपासा, कारण तारखा पुढे जातात तशा मागेही येतात.

आयआरएस, म्हणजे फेडरल कर खातं, त्याच्याकडून थकबाकीची नोटीस आली तर यूएस टॅक्स कोर्ट आहे. तिथले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष १५ वर्षांसाठी नेमतो आणि ते शहरोशहरी फिरून सुनावणी घेतात. कर आधी न भरता दाद मागायची ही एक जागा. मुदत ९० दिवस, पण नोटीस परदेशातल्या पत्त्यावर गेली असेल तर १५०. निवृत्तीनंतर पुण्याला किंवा नाशिकला परत गेलेल्यांना हे साठ जास्तीचे दिवस मोलाचे असतात.

सातवी पायरी: समोर बसलेला माणूस तिथे कसा आला?

हे कशाला कळायला हवं, असं मला विचारतात. कारण खुर्चीवर कोण बसतो आणि ती रिकामी का राहते, यावर तुमची तारीख ठरते.

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी एमपीएससीची परीक्षा असते, आणि दर काही वर्षांनी बदली. अमेरिकेत न्यायाधीशाची अशी परीक्षा नाही, अशा बदल्याही नाहीत. बहुतेक जण आधी वर्षानुवर्षं वकिली केलेले असतात.

फेडरल डिस्ट्रिक्ट, सर्किट आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि सिनेट मंजुरी देते. नेमणूक तहहयात. पगार कमी करता येत नाही, काढायचं तर महाभियोगच. आजवर पंधरा फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग आला आणि आठ जण दोषी ठरून पदावरून गेले. देशभरात डिस्ट्रिक्ट जजच्या जागा सुमारे पावणेसातशे, सर्किट जजच्या १७९. मॅजिस्ट्रेट जजना मात्र डिस्ट्रिक्टचे न्यायाधीशच ८ वर्षांसाठी निवडतात, आणि दिवाळखोरीच्या न्यायाधीशांना सर्किट कोर्ट १४ वर्षांसाठी. चंदीगडला जन्मलेले श्री श्रीनिवासन २०१३ मध्ये सिनेटच्या ९७ विरुद्ध ० मतांनी वॉशिंग्टनच्या सर्किट कोर्टावर गेले आणि २०२० मध्ये तिथले मुख्य न्यायाधीश झाले. भारतात जन्मलेला माणूस त्या खुर्चीवर बसल्याचा मला आजही अभिमान वाटतो.

राज्यांत एकसारखं काही नाही. न्यू जर्सीत गव्हर्नर नाव सुचवतो, राज्याची सिनेट मंजूर करते. आधी ७ वर्षं, मग पुन्हा नेमणूक झाली तर वयाच्या सत्तरीपर्यंत. कागदावर सुरेख. पण ज्या काउंटीतून उमेदवार येतो तिथल्या सिनेटरांनी होकार दिल्याशिवाय नाव पुढे सरकत नाही, अशी अलिखित प्रथा आहे. जागा रिकाम्या राहतात. २०२३ च्या फेब्रुवारीत मुख्य न्यायाधीश स्टुअर्ट रॅबनर यांना सॉमरसेट, हंटरडन, वॉरन आणि कम्बरलँड, ग्लॉस्टर, सेलम या सहा काउंट्यांतले दिवाणी आणि घटस्फोटाचे जवळजवळ सर्व खटले थांबवावे लागले, कारण न्यायाधीशच पुरेसे नव्हते. मुलांच्या ताब्याचा निकाल होत नाही तोवर घर विकता येत नाही, गाव बदलता येत नाही, अशी अडकलेली माणसं मी त्या काळात ऐकली. न्यायाधीशांच्या नेमणुका हा राजकारणाचा रुक्ष विषय नाही, तो थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.

टेक्सासमध्ये न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर निवडणूक लढतात. इलिनॉयमध्ये आधी निवडून येतात आणि मग मुदतीअंती लोकांनी "ठेवा" म्हणावं लागतं, त्यासाठी ६० टक्के मतं लागतात. शिकागोच्या मतपत्रिकेवर अशी कित्येक नावं असतात आणि आपले लोक तो भाग कोरा सोडतात. कृपया सोडू नका. वकिलांच्या संघटना या न्यायाधीशांची गुणवत्ता तपासून मतं प्रसिद्ध करतात, ती मतदानापूर्वी वाचा. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनात विधिमंडळ न्यायाधीश निवडतं. मिझुरीत १९४० पासून एक समिती तीन नावं देते आणि गव्हर्नर त्यातून एक निवडतो. पुढे बऱ्याच राज्यांनी ही पद्धत उचलली.

आठवी पायरी: दिवस मोजा

पाकिटावर मिळाल्याची तारीख लगेच लिहा. ही सवय लावून घ्या. मग मोजा.

न्यू जर्सीच्या सुपीरियर कोर्टात 'डीसी' किंवा 'एल' दाव्याला लेखी उत्तर ३५ दिवसांत. स्मॉल क्लेम्सला लेखी उत्तर लागत नाही, तारखेला हजर राहावं लागतं. फेडरल दिवाणी दाव्याला २१ दिवसांत. म्युनिसिपल कोर्टाच्या निकालावर अपील २० दिवसांत, आणि ते जातं सुपीरियर कोर्टात. सुपीरियर कोर्टाच्या अंतिम निकालावर अपेलेट डिव्हिजनकडे ४५ दिवस. फेडरल दिवाणी निकालावर ३०, सरकार पक्षकार असेल तर ६०, फौजदारीत आरोपीला फक्त १४. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाकडे ९०. उत्तर दिलं नाही तर समोरच्याला तुमच्या अनुपस्थितीत निकाल मिळतो, आणि तो नंतर उलटवणं फार कष्टाचं काम आहे.

फेडरल प्रकरणाचे कागद 'पेसर' या संकेतस्थळावर मिळतात. पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत बिल ३० डॉलरपर्यंत राहिलं तर माफ. न्यू जर्सीची दिवाणी प्रकरणं राज्याच्या न्यायव्यवस्थेच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. सुनावणी इमारतीत आहे की व्हिडिओवर, हे नोटिशीतच लिहिलेलं असतं. लिंकचा कागद जपून ठेवा.

इंग्रजीत कोर्टापुढे बोलायला धजत नसाल तर दुभाषी मागा. न्यू जर्सीच्या कोर्टात तो फुकट मिळतो आणि मराठी मागता येते. "हिंदी चालेल का?" असं विचारलं, आणि हिंदीत आपली गोष्ट नीट सांगता येत नसेल, तर नाही म्हणायला संकोच करू नका. फेडरल कोर्टात मात्र दोन खाजगी पक्षांच्या दिवाणी दाव्यात दुभाष्याची सोय सहसा स्वतःलाच करावी लागते.

ज्युरीचं पाकीट

नावं मतदारयादीतून येतात, काही ठिकाणी ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही. म्हणून नागरिक नसलेल्यांनाही कागद येतो. काकांकडे ग्रीन कार्ड आहे. प्रश्नावलीत नागरिक आहात का, या प्रश्नाला "नाही" अशी खूण करून पाठवायची, इतकंच. दोन चुका टाळा. एक, कागद फेकून देणं. दुसरी, न वाचता "हो" करणं, कारण नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशनच्या दृष्टीने फार गंभीर ठरतो. आणि "ज्युरीला आला नाहीत, अटक टाळायला गिफ्ट कार्डाने पैसे भरा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. कोणतंही कोर्ट फोनवर असे पैसे मागत नाही.

काकांनी फॉर्म आमच्याच टेबलावर भरला. काकूंच्या डिपॉझिटचं म्हणाल तर न्यू जर्सीत घर सोडल्यावर ३० दिवसांत ते परत द्यायचं असतं, आणि विनाकारण अडकवलं तर भाडेकरूला दुप्पट मागता येतं. न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात तारखेला काकू घर सोडतानाचे फोटो, करारनामा आणि चेकची प्रत तीन-तीन संचांत घेऊन गेल्या: एक न्यायाधीशासाठी, एक समोरच्यासाठी, एक स्वतःसाठी. न्यायाधीशापुढे जाण्याआधी मध्यस्थासमोर बसवलं, तिथेच रक्कम ठरली. मी त्यांना एकच सांगून ठेवलं होतं, की नुसत्या शब्दावर उठू नका, रक्कम आणि पैसे द्यायची तारीख लिहून, दोघांच्या सह्या घेऊन कोर्टाकडे द्या. घरमालकाने ती तारीख पाळली नसती, तर त्याच कागदावर निकाल मागून स्पेशल सिव्हिल पार्टच्या अधिकाऱ्याकडून त्याच्या बँक खात्यावर जप्ती आणता आली असती.